सातवीपर्यंतचा शब्द

शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून सिस्टर फ्लोरीन स्वतः चालत कोंडीबाच्या घरी आल्या, तेव्हा म्हातारा अंगणात मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला होता. सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, त्यांच्यासाठी घोंगडं टाकलं, चुलीवर चहा ठेवला. सिस्टर आल्या की तिला भारी आनंद व्हायचा. सिस्टरांनी घोंगड्यावर बसता बसताच सांगून टाकलं, "आबा, रौप्यमहोत्सवाला तुम्ही स्टेजवर बसायचं. शाळेला जागा तुम्ही दिलीत. शाळा कशी सुरू झाली, ते पोरांना तुम्हीच सांगायचं."

कोंडीबानं मान वर केली नाही. "बसतो म्हना. पर बोलायला लावू नगा."

"का हो?"

"बोलायजोगं काय न्हाई त्यात."

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, काय हा विनय! कसला विनय न् कसलं काय. अख्ख्या बोरमाळ वाडीत कोंडीबाइतका स्वतःच्या शब्दाचा तोरा मिरवलेला माणूस दुसरा झाला नाही. 'कोंडीबानं सांगितलं म्हंजी झालं' असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून हा गडी मिशीतल्या मिशीत फुलायचा. पण त्या शाळेचं नाव निघालं की गेली कित्येक वर्षं त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. का लागायचं, ते साळूबाईला ठाऊक होतं. चहाची कपबशी सिस्टरांच्या हातात देऊन ती मुकाट्यानं आत निघून गेली.

बोरमाळ म्हणजे जतच्या पूर्वेला, पार कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेली धनगरांची वाडी. माणसं बोलायला मराठी, भांडायला कानडी. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर टँकर. दिवाळी झाली की निम्मी वाडी मेंढरं घेऊन कराडाकडं, कृष्णाकाठच्या रानात जायची. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, त्यांना खत मिळायचं, यांना धान्य. पोरं बरोबरच. कराडाकडची पोरं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायची आणि आमची पोरं त्यांच्याकडं बघत कोकरं राखायची. हे असंच चालणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

अशात एका उन्हाळ्यात फटफटीवरून फादर लिगोरी आले. उंच, काळेसावळे, धारवाडकडचे. म्हाताऱ्या बायांशी कानडीत बोलले, गड्यांशी मोडक्या मराठीत. म्हणाले, शाळा काढायची आहे. तुम्ही मेंढरं घेऊन गेलात तरी पोरं इथं राहतील, सिस्टर त्यांना सांभाळतील. लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या घरी गेले. पोरं बाटवतील, दुसरं काय, अशी कुजबुज झाली. फादरांच्या कानावर ती गेलीच. दुसऱ्या दिवशी ते कोंडीबाजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तुमचा देव तुमच्याजवळ ठेवा. मला पोरं फक्त शिकवायला द्या. आमच्या पुस्तकात लिहिलंय, आमचा देव जन्मला ती बातमी पहिल्यांदा मेंढपाळांना कळली. राजाला नाही, पुजाऱ्याला नाही."

"आधी मेंढक्यास्नी सांगितलं?" कोंडीबा हसला. "मग तुमचा देव शाना हाय."

झालं! तिथून दोघांची गट्टी जमली. देवळामागचा खडकाळ माळ कोंडीबाच्या वाट्याचा होता, तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. तो त्यानं शाळेला देऊन टाकला. त्याची पोरगी अंजना तेव्हा सात वर्षांची, एकुलती एक, आणि तिला प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची खोड. पोरीला शाळेत घालायचं हे त्याच्या मनानं घेतलं होतं. राहता राहिली वाडी.

वाडी बसली बिरोबाच्या देवळापुढं. पोरग्यांचं कुणाला काही नव्हतं, शिकूद्यात म्हणाले. अडलं ते पोरींवर. कोंडीबाचा चुलतभाऊ नानासो उठून उभा राहिला. आवाजाचा मोठा, मनाचा तसा साधा. "पोरी वयात आल्यावर आमी तिकडं कराडात, आन् पोरी हितं परक्याच्या भरवशावर? उद्या काय झालं तर सोयरंधायरं तोंडात शेण घालतील. समद्यांच्या पोरी ऱ्हातील घरीच." चार माणसांनी माना हलवल्या. पोरी नाहीत तर शाळाच नको, असं फादर म्हणून बसलेले. आता सगळंच मोडतंय असं दिसलं आणि कोंडीबाला चेव आला. तो तडक गाभाऱ्यात गेला, मूठभर भंडारा घेऊन बाहेर आला. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे त्याच्यापुढं वाद नाही, कोर्ट नाही, काही नाही.

"ऐका रं! बिरोबाच्या देखत सांगतो. सातवी झाली की वाडीची पोरगी घरी. सातवीच्या फुडं एक बी जायाची न्हाई. मी जिम्मेदार!"

एवढ्यावर वाडी गप्प झाली. नानासोसुद्धा म्हणाला, कोंडीबा म्हणतोय तर ठीक. घरी जाताना फादरांनी विचारलं, "कोंडीबा, हे का बोललात?" तर हा म्हणतो, "आवं फादर, हितं पत्र्याच्या शेडात शाळा भरायची, चौथीचीच मारामार. सातवी कोन बघतंय? तवाचं तवा!"

हेच ते. शब्द देताना त्याला तो फुकटातला वाटला होता. ज्या वर्गाला भिंत नाही, मास्तर नाही, त्या वर्गाच्या पुढचं बोलायला त्याचं काय जात होतं?

शाळा सुरू झाली आणि वाढायला लागली. पत्र्याच्या शेडाच्या जागी दगडी खोल्या आल्या. दगड वाडीनंच वाहिले. पोरं राहायला लागली, सिस्टरांच्या हातची आमटी खाऊन बाळसं धरायला लागली. मेंढरं घेऊन गेलेले आईबाप परत आले की पोरं त्यांना एसटीची पाटी वाचून दाखवायची. चौथीची पाचवी झाली, पाचवीची सहावी, सातवी. आणि अंजना? ती वर्गात सगळ्यांच्या पुढं असायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर देऊन साहेबांनाच उलटा प्रश्न विचारला. साहेब पोट धरून हसले. कोंडीबानं ही गोष्ट कराडातल्या बागायतदारांना किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही.

अंजना सातवीत होती त्या वर्षी फादरांनी आठवीची परवानगी आणली. हायस्कूल होणार! नव्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, पण उन्हाळा असा की भिंतींना मारायला पाणी नाही. टँकर एक दिवसाआड. पाणी मारलं नाही तर भिंत तडकणार. फादर पोरांना म्हणाले, घरच्या पाण्यातनं जमेल तेवढं आणा. कुणी तांब्या आणला, कुणी किटली. अंजना कळशी घेऊन निघाली तशी साळूबाई ओरडली, "अगं, पिऊ काय आमी?"

"आई, आठवीची भिंत हाय ती. मी बसणार हाय तितं," असं म्हणून पोरगी गेलीसुद्धा.

कोंडीबानं ते ऐकलं. त्याला तेव्हाच देवळापुढचा शब्द आठवला. कारण त्या साली सातवी पास होणारी वाडीची पोरगी एकटी अंजनाच होती. म्हणजे शब्दाची वेळ पहिल्यांदा आली ती त्याच्याच घरावर.

साळूबाईनं वाट सुचवली होती. भंडारा ज्यांच्या देखत उचलला, त्यांनाच पुन्हा देवापुढं बसवायचं, त्यांची संमती घ्यायची आणि शब्द खाली ठेवायचा. असं आमच्यात होतं, नाही असं नाही. "नानासो भावजींना जाऊन इचारा की. चार मानसं बसवा. हाय काय त्यात?"

"मी जाऊ? नानासोच्या दारात? पदर पसरायला?" कोंडीबा कडाडला. "उद्या वाडी काय म्हनंल? सोताच्या पोरीवर आलं तवा कोंडीबा फिरला!"

फादर आले. त्यांनी खूप समजावलं. शेवटी म्हणाले, "शब्द तुम्ही दिलात, आणि फेडायचा तिनं?"

"फादर, तुमी परमुलखातलं. भंडाऱ्याचं तुमास्नी काय कळनार?"

फादर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मी पण देवापुढं शब्द देऊनच हा झगा घातलाय, कोंडीबा. पण तो माझ्या एकट्याच्या जिवावर दिलाय." आणि ते निघून गेले. त्यानंतर दोघांचं बोलणं राहिलं ते रामराम-नमस्कारापुरतं. पुढं फादरांची बदली झाली, आणि गेल्या साली ते तिकडंच धारवाडात वारले. कोंडीबाला ते सुद्धा दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

अंजना रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. शाळेचा ड्रेस धुतला, वाळवला, घडी घालून सिस्टरांना नेऊन दिला. म्हणाली, "एखाद्या बारक्या पोरीला हुईल." दिवाळीनंतर ती मेंढरांमागं कराडाला गेली. प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारी पोर, पण आपल्याला शाळेतनं का काढलं, हे तिनं बापाला एकदासुद्धा विचारलं नाही.

आता इथवर कोंडीबाला माफ करता येईल. शब्दात अडकला बिचारा, असं म्हणता येईल. पण खरी गोष्ट पुढंच आहे, आणि तिला माफी नाही.

पुढच्याच जूनमध्ये नानासोची पोरगी स्वप्नाली सातवी झाली. नानासोच्या बायकोनं तिचा हात धरला आणि आठवीत नेऊन बसवलं. सरळ! ना मीटिंग, ना भंडारा. कोंडीबाला वाटलं, आता नानासो येईल, काहीतरी बोलेल, निदान खाली मान घालेल. टँकरवर गाठ पडली तर नानासो औंदा पाऊस कसा वडतोय त्याच्यावर बोलला आणि आपलं पिंप भरून गेला. त्या वर्षात वाडीच्या आणखी दोन पोरी आठवीत गेल्या. कुणाचं काही बिघडलं नाही, बिरोबा कुणावर कोपला नाही.

साळूबाई पुन्हा म्हणाली, "आता तर जाऊ दे तिला. एकच वरीस गेलंय. बसंल की स्वप्नालीच्या शेजारी."

त्या दिवशी कोंडीबानं हो म्हणायला हवं होतं. आडवं कोण येत होतं? कुणीच नाही. पण हा म्हणाला, "लोकांचं लोकांपाशी. माझा शब्द माझ्यापाशी." आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना त्याला बरं वाटलं. सगळी वाडी फिरली, मी नाही फिरलो, याचा त्याला माज आला. लोकही मागं म्हणायचे, शब्दाचा माणूस! त्या दोन कौतुकाच्या शब्दांपायी मेल्यानं सोन्यासारखी पोर मेंढरांमागं घातली.

अंजना अठराची झाली तशी आत्याच्या पोराला, धनाजीला दिली. त्यांचं बिऱ्हाड कडेगावच्या बाजूला. धनाजी माणूस लाखात एक, उसाच्या रानात राबतो, बायकोला जपतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण इकडं शाळेची दहावी झाली, दोन मजले चढले, जतहून पोरं बसनं यायला लागली. वाडीच्या पोरी नर्स झाल्या, एक पोलिसात गेली. स्वप्नाली बी.एड. करून त्याच शाळेत विज्ञान शिकवायला आली. आणि शाळेची वाट कोंडीबाच्या अंगणावरून जाते. रोज सकाळी पोरींचा तांडा खिदळत जायचा, "आबा, नमस्कार!" म्हणायचा. त्या मोठ्या पोरी दिसल्या की कोंडीबा तोंड फिरवून मेंढरांकडं वळायचा. वर्षानुवर्षं त्यानं असंच केलं.

तरीसुद्धा एक आधार होता त्याला. आपण बिरोबापुढं खरे ठरलो, वाडीला ते ठाऊक आहे, एवढा तो आधार. पोर गेली, पण शब्द राहिला.

समारंभाच्या दोन दिवस आधी तोही गेला. शाळेच्या पटांगणात मांडव पडत होता, आणि कोंडीबा न् नानासो, दोघं म्हातारे, सावलीला तंबाखू मळत बसले होते. स्वप्नाली माईक तपासत होती. नानासो कौतुकानं बघत होता. कोंडीबाला राहवलं नाही.

"नानासो, एक इचारू? त्या टायमाला देवळापुढं मी भंडारा उचललावता. सातवीच्या फुडं पोरी न्हाईत म्हनून. तू स्वप्नालीला आठवीत घातलीस, तवा तुला त्येची भीती न्हाई वाटली?"

नानासोनं तंबाखू मळायची थांबवली. "कसला भंडारा रं?"

"आरं, शाळा काढताना! तूच उठलावतास."

नानासोनं बराच विचार केला. खोटं बोलत नव्हता तो, त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मला न्हाई गड्या आठवत. लय बोलनं झालंवतं त्या दिवशी. असंल. का रं?"

"काय न्हाई," कोंडीबा म्हणाला. तंबाखू तशीच हातात ठेवून तो घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. साळूबाईनं हाक मारली, जेवायला वाढलं, तो उठला नाही.

समारंभ झाला. हारतुरे, भाषणं, समया, सगळं रीतसर. फादर लिगोरींच्या फोटोला हार घातला. एकेक पाहुणा उठे आणि शिक्षणाचं महत्त्व सांगे, ऐकणाऱ्यांचं बूड दुखेपर्यंत. कोंडीबाला शाल दिली. मग स्वप्नाली माईकवर म्हणाली, "आबा, नको म्हणालात तरी दोन शब्द बोलाच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोंडीबा उठला. त्यानं ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं, शाळेला जागा देणाऱ्यानंच आपली पोर शाळेबाहेर काढली म्हणून. पण बायांच्या बाजूला त्याला अंजना दिसली. तिच्याजवळ तिची पोरगी शिवांजली, नवा ड्रेस घालून. कोंडीबाला ठरवलेलं बोलवेना. "शिका पोरींनो," एवढंच कसंबसं म्हणाला आणि खाली बसला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

कार्यक्रम सुटल्यावर अंजना त्याला शोधत मांडवामागं आली. म्हातारा दगडावर बसून शालीनं डोळे पुसत होता.

"आबा, काय झालं? रडताय व्हय?"

"पोरी..." तो म्हणाला आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. "नानासोला आठवतच न्हाई गं. कुनालाच आठवत न्हाई. ज्येच्यासाठी तुला घरी बसवली, त्ये लोकांच्या ध्यानात बी न्हाई. फुकट घातलं गं सारं. उगंच."

अंजना त्याच्याजवळ बसली. त्याच्या कपाळावर घामानं चिकटलेले केस तिनं मागं सारले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"आन् नानासोकाकाला आठवत असतं तर?"

"म्हंजी?"

"म्हंजी त्येनी म्हटलं असतं, व्हय, आठवतंय, कोंडीबानं शब्द पाळला. मग तुमी रडला असता का आबा?"

कोंडीबानं शाल तोंडावरून खाली घेतली. खरं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमास्नी शब्द वाया गेल्याचं वाईट वाटतंय," अंजना म्हणाली. "त्ये असूद्या. म्हातारपनी जिवाला लावून घिऊ नगा." मग तिनं मांडवाच्या कडंला उभ्या असलेल्या शिवांजलीकडं बोट केलं. पोरीजवळ पत्र्याची नवी पेटी होती. "हिला हितं पाचवीत घातलीया. होस्टेलला ऱ्हाईल. तुमी न् आई जवळ हाय, म्हनून ह्यांनी बी व्हय म्हटलं. येता-जाता बघा तिच्याकडं. सुट्टीला घरी न्या, मेंढरं दावा."

"दावतो की. का न्हाई दावायचा?"

"एक मात्र करा आबा. तिच्यापायी कवा कुनाला काय शब्द देऊ नगा. कुनालाच न्हाई. देवाला बी न्हाई."

एवढं बोलून ती उठली. पेटी डोक्यावर घेतली, पोरीचं बोट धरलं आणि होस्टेलच्या दाराकडं चालायला लागली. माझं चुकलं गं, असं म्हणायला कोंडीबाचे ओठ हलले, पण ते ऐकायला ती थांबलीच नव्हती.